वाहन परवान्याचे निलंबन आणि मोफत विधी साहाय्य



हैदराबाद शहरातील नारायणगुडा हे नाव मराठवाड्यातील जुन्या पिढीला अपरिचित नाही. न्यायमूर्ती केशवराव कोरटकर यांच्या स्मरणार्थ १९४० साली स्थापन झालेली केशव स्मारक शिक्षणसंस्था याच भागात उभी आहे. केशवराव मूळचे मराठवाड्यातले. गुलबर्गा येथे वकिली करून पुढे ते हैदराबादेस आले, तेथे त्यांनी नावलौकिक मिळविला आणि तेथील उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले. १९३२ साली त्यांचे निधन झाले. निजामी राजवटीत न्यायालयांची भाषा उर्दू होती. खेड्यातून आलेल्या मराठी शेतकऱ्याच्या हाती पडलेला हुकूम त्याला वाचता येत नसे. त्यात काय लिहिले आहे आणि कोणत्या तारखेच्या आत काय करावयास हवे, हे सांगणारा जाणता वकील भेटणे ही त्या काळी मोठी भाग्याची गोष्ट होती. राजवट गेली, भाषावार राज्ये झाली, साक्षरता वाढली. तथापि हाती पडलेला सरकारी कागद न वाचता घडी घालून खिशात ठेवण्याची आपली सवय पुरती गेलेली नाही. वाहन चालविण्याचा परवाना निलंबित करण्यासंबंधीची नोटीस हा असाच एक कागद होय.

ज्याची उपजीविका चाकावर चालते अशा माणसाचे उदाहरण घेऊ. नांदेड-देगलूरकडील एक तरुण नारायणगुड्यात खोली घेऊन राहतो, आणि लोक ज्याला ‘छोटा हत्ती’ म्हणतात तसल्या टेम्पोवर हिमायतनगर, सुलतान बाजार या भागांतील दुकानांचा माल पोहोचवितो असे समजा. रविवारी सुट्टीच्या दिवशी तो मित्राची मोटारसायकल घेऊन बाहेर पडतो. डोक्यावर शिरस्त्राण नाही, एका हातात भ्रमणध्वनी. चौकात वाहतूक पोलीस त्यास थांबवितात, चलान करतात आणि परवाना ठेवून घेऊन पावती देतात. तो दंड भरतो आणि प्रकरण मिटले असे समजून निघून जातो. काही आठवड्यांनी नोटीस येते. ती इंग्रजीत किंवा तेलुगूत असते. तो ती कोणाला दाखवीत नाही, कारण दंड तर भरलेला आहे. त्यानंतर येतो तो आदेश. त्याप्रमाणे त्याचा परवाना तीन महिन्यांसाठी अपात्र ठरतो आणि ज्या टेम्पोशी त्या रविवारच्या घटनेचा काडीइतकाही संबंध नव्हता, तो टेम्पो दारात उभा राहतो. बँकेचा हप्ता मात्र उभा राहत नाही.

या माणसाचे चुकले कोठे? नियम मोडला ही त्याची पहिली चूक. तिचे समर्थन कोणी करू नये. २०२२ या एका वर्षात आपल्या देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. हा आकडा डोळ्यांपुढे असताना परवाना निलंबित करण्याचे अधिकार सरकारकडे नसावेत असे कोणताही विचारी मनुष्य म्हणणार नाही. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या रस्ता सुरक्षा समितीने ऑगस्ट २०१५ मध्ये सर्व राज्यांना कळविले की, अतिवेग, लाल दिवा ओलांडणे, जादा भार, मालवाहू गाडीतून माणसे नेणे, मद्यपान करून वाहन चालविणे आणि चालविताना भ्रमणध्वनी वापरणे या अपराधांसाठी परवाना किमान तीन महिने निलंबित करावा. तेलंगणाने ऑगस्ट २०१७ पासून दंडगुणांची पद्धतीही आणली: चोवीस महिन्यांत बारा गुण साचले की परवाना एक वर्ष निलंबित. निलंबनाची प्रकरणे वाढली ती या पार्श्वभूमीवर.

परंतु त्या तरुणाची दुसरी चूक अधिक महागात पडली, आणि तिच्याविषयी बोलणे हाच आजच्या भाषणाचा हेतू आहे. दंड आणि निलंबन ही दोन स्वतंत्र प्रकरणे आहेत, हे त्याला ठाऊक नव्हते. मोटार वाहन अधिनियम, १९८८ याच्या कलम २०० मध्ये काही अपराध जागच्या जागी रक्कम भरून मिटविण्याची सोय आहे. २०१९ च्या दुरुस्तीने त्याच कलमात स्पष्ट शब्दांत म्हटले आहे की, अशी रक्कम भरल्याने कलम २०६ (४) खालील कारवाईतून सुटका होत नाही. या उपकलमानुसार धोकादायक रीतीने वाहन चालविणे, अतिवेग, मद्यपान, शर्यत, दुचाकीवर तिघे बसणे, शिरस्त्राण नसणे, रुग्णवाहिकेस वाट न देणे अशा अपराधांत पोलीस अधिकाऱ्याने परवाना ताब्यात घेऊन तो परवाना अधिकाऱ्याकडे, म्हणजे लोक ज्याला आर.टी.ओ. म्हणतात त्या कार्यालयाकडे, पुढील कारवाईसाठी पाठवावयाचा असतो. हातात भ्रमणध्वनी धरून वाहन चालविणे हे धोकादायक चालविण्यातच मोडते. तेव्हा दंडाची पावती हाती आली म्हणून निश्चिंत होणे योग्य नव्हे. पोलिसांनी दिलेली पावतीही वाचून घ्यावी. काही प्रकरणांत, जेथे परवाना न्यायालयाकडे पाठविला जातो तेथे, ती पावती दाखवून वाहन चालविता येते. कलम २०६ (४) खाली मिळालेल्या पावतीवर मात्र परवाना परत मिळेपर्यंत वाहन चालविता येत नाही. दोन्ही कागद दिसावयास सारखेच. बहुतेक लोक येथेच फसतात.

आता कायद्याने चालकाच्या हाती काय दिले आहे ते पाहू. कलम १९ हे या विषयाचे मर्म आहे. परवाना अधिकाऱ्यास परवानाधारक अपात्र ठरविण्याचा किंवा परवाना रद्द करण्याचा अधिकार या कलमाने दिला आहे. मात्र त्यापूर्वी परवानाधारकास आपले म्हणणे मांडण्याची संधी दिली पाहिजे आणि आदेशाची कारणे लेखी नमूद केली पाहिजेत, असे बंधन त्याच वाक्यात घातले आहे. पोलिसांकडून परवाना आला असेल तर पहिल्या अपराधासाठी तीन महिने अपात्रता आणि पुन्हा अपराध घडल्यास परवाना रद्द, अशी तरतूद २०१९ च्या दुरुस्तीने केली. परंतु त्याच तरतुदीत परवाना अधिकाऱ्याला आणखी एक मार्ग मोकळा ठेवला आहे: म्हणणे ऐकून त्याची खात्री झाली तर तो परवानाधारकास दोषमुक्तही करू शकतो. म्हणजे सुनावणी हा नुसता उपचार नाही. तिचा निकाल दोन्ही बाजूंनी लागू शकतो, असे कायदाच म्हणतो.

याहून महत्त्वाची, आणि फार थोड्यांना माहीत असलेली, एक गोष्ट या कलमात आहे. अपात्रतेचा आदेश परवान्यातील सर्व प्रकारच्या वाहनांसाठी किंवा त्यांपैकी काही प्रकारांपुरता काढता येतो. एकाच परवान्यावर दुचाकी आणि हलके मोटार वाहन अशा दोन्ही नोंदी असतील आणि आदेश एकाच प्रकारापुरता असेल, तर तशी नोंद करून परवाना चालकास परत द्यावयाचा असतो. आपल्या उदाहरणातील तरुणाने सुनावणीस हजर राहून एवढेच म्हटले असते की, “अपराध दुचाकीवरचा आहे, टेम्पो चालविण्यात आजवर एकही तक्रार नाही, घर त्यावर चालते, तेव्हा आदेश दुचाकीपुरता ठेवावा,” तर त्याचे म्हणणे मान्य झालेच असते असे नाही. पण ते मांडण्याचा त्याला पूर्ण अधिकार होता आणि ऐकणाऱ्या अधिकाऱ्यास ते मान्य करण्याचा अधिकार होता. तो गेलाच नाही. न मागितलेली सवलत देण्यास कोणता अधिकारी घरी येणार?

नोटिशीला द्यावयाच्या उत्तरात पांडित्य नको. नोटिशीचा क्रमांक व दिनांक, घटनेचा दिवस, वेळ व ठिकाण, वाहन कोणते व ते कोण चालवीत होते, आणि आपले म्हणणे काय, एवढे स्पष्ट अक्षरात असावे. कॅमेऱ्याने टिपलेल्या अपराधात चलान वाहनाच्या मालकाच्या नावे निघते. मालक त्या वेळी वाहन चालवीत नसेल, किंवा वाहन पूर्वीच विकलेले असेल, तर तसे लिहून विक्रीचे कागद जोडावेत. आजवरचा अपघातरहित अनुभव, मालकाचा दाखला, कर्जाच्या हप्त्याचा कागद, घरातील माणसे किती आणि कमावणारा कोण हेही जोडण्यास हरकत नाही. घडलेला अपराध नाकारू नये. खोटे लिहिलेले एक वाक्य उरलेल्या नऊ खऱ्या वाक्यांची किंमत घालविते. उत्तराची एक प्रत आपल्याकडे ठेवावी आणि तिच्यावर कार्यालयाचा पोचेचा शिक्का घ्यावा.

इतके करूनही आदेश विरुद्ध गेला, तर कलम १९ (३) प्रमाणे आदेशाची प्रत मिळाल्यापासून तीस दिवसांच्या आत नेमून दिलेल्या अपील अधिकाऱ्याकडे अपील करता येते. अपील अधिकारी परवाना अधिकाऱ्यास नोटीस देतो, दोन्ही बाजू ऐकतो आणि त्याचा निर्णय अंतिम असतो. हे तीस दिवस आदेशाच्या तारखेपासून मोजावयाचे नाहीत, तर प्रत मिळाल्याच्या दिवसापासून मोजावयाचे. म्हणून टपालाने आलेला लिफाफा फाडून टाकू नये. त्यावरील शिक्का हाच पुरावा असतो. प्रत हातोहात मिळाली असेल तर सही करताना खाली दिनांक अवश्य घालावा. अपील कोणाकडे करावयाचे हे ज्या कार्यालयाने आदेश काढला तेथेच विचारून घ्यावे. अपील दाखल केले म्हणजे आदेश थांबला असेही समजू नये. स्थगितीची विनंती अर्जात वेगळी आणि ठळक असावी.

येथे महाराष्ट्रातील एका खटल्याची आठवण करून देणे उचित होईल. होस्कोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणात १९७८ साली सर्वोच्च न्यायालयापुढे आलेला कैदी मुदतीनंतर कित्येक वर्षांनी अपिलास आला होता आणि निकालाची प्रत आपल्याला मिळालीच नाही असे त्याचे म्हणणे होते. त्याची याचिका फेटाळली गेली. पण न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्या निमित्ताने एक तत्त्व घालून दिले: शिक्षा झालेल्या माणसास निकालाची प्रत वेळेवर आणि विनामूल्य मिळाली पाहिजे, आणि वकील करण्याची ऐपत नसेल तर शासनाने तो पुरविला पाहिजे. प्रत नसेल तर अपिलाचा हक्क कागदावरच राहतो. हे तुरुंगातील माणसासंबंधी होते खरे. पण परवान्याच्या आदेशाबाबतही प्रतीचे महत्त्व तितकेच आहे.

वकील करण्याची ऐपत नसलेल्यांसाठी काय सोय आहे, हा यापुढचा प्रश्न. बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने १९७६ साली संविधानात अनुच्छेद ३९-क घालण्यात आला आणि आर्थिक अडचणीमुळे कोणी न्यायास मुकू नये ही जबाबदारी राज्यावर टाकण्यात आली. त्यानुसार विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ झाला व तो ९ नोव्हेंबर १९९५ पासून अंमलात आला. मोफत वकील फक्त फौजदारी खटल्यात मिळतो असा एक समज सर्वत्र, अगदी सुशिक्षितांतही, आढळतो. तो चुकीचा आहे. या अधिनियमाच्या व्याख्येत ‘विधी सेवा’ म्हणजे केवळ न्यायालयातील काम नव्हे. अन्य प्राधिकाऱ्यापुढील कामकाज आणि कोणत्याही कायदेविषयक बाबीवरील सल्ला यांचाही तीत समावेश आहे. परवाना अधिकाऱ्यापुढची सुनावणी या व्याख्येत बसते.

अनुसूचित जाती व जमातींतील व्यक्ती, स्त्रिया, अपंग व्यक्ती, औद्योगिक कामगार, आपत्तिग्रस्त, अटकेत असलेल्या व्यक्ती यांना कलम १२ प्रमाणे हे साहाय्य मिळते. इतरांसाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ठरवून दिलेली आहे. उत्पन्नाबाबत स्वतःचे प्रतिज्ञापत्र सामान्यतः पुरेसे मानता येते. रिक्षा किंवा टॅक्सी चालविणाऱ्या भगिनींनी हे लक्षात ठेवावे की, स्त्री म्हणून त्यांना उत्पन्नाची अट लागू नाही. नवऱ्याच्या परवान्यासाठी बायकोच्या नावाने अर्ज करण्याची युक्ती मात्र चालणार नाही. ज्याचा परवाना त्याचा अर्ज.

अर्ज करावयाचा कोठे? महाराष्ट्रात प्रत्येक जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आणि तालुका न्यायालयात तालुका विधी सेवा समिती आहे. हैदराबादेत पुराणी हवेली येथील शहर दिवाणी न्यायालयाच्या आवारात आणि नामपल्ली येथील फौजदारी न्यायालयात अशी कार्यालये आहेत. ज्याला तेथवर पोहोचणे अवघड आहे त्याने राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या १५१०० या दूरध्वनी क्रमांकावर विचारणा करावी. नारायणगुड्यात केशव स्मारक संस्थेचे विधी महाविद्यालयही आहे. कायद्याच्या विद्यार्थ्यांनी असे कागद वाचून देण्याचे काम अंगावर घेतले, तर पुस्तकातील कलमे त्यांच्याही चांगली लक्षात राहतील. परवाना नांदेडचा म्हणून हैदराबादेतील कारवाई गैरलागू ठरेल, या भ्रमात कोणी राहू नये. परवाना देणारे कार्यालय एक आणि रद्द करणारे दुसरे असू शकते, हे कलम १९ मध्येच गृहीत धरलेले आहे.

आदेश असताना चोरून वाहन चालविण्याचा मोह अनेकांना होतो, आणि परिवहन कार्यालयाबाहेरच्या झाडाखाली बसणारे मध्यस्थ त्याला खतपाणी घालतात. दोनचार हजारांत ‘आतून’ काम करून देतो म्हणणाऱ्याकडे कोणताही कायदेशीर अधिकार नसतो. त्याच्या नादी लागून तीस दिवस निघून जातात ते जातातच. अपात्र असताना वाहन चालविणे हा कलम १८२ खाली स्वतंत्र अपराध आहे. त्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. त्या काळात अपघात घडला तर विमा कंपनीला चालक अपात्र होता असा बचाव घेता येतो, आणि जखमीला द्यावयाची भरपाई शेवटी मालकाकडून वसूल होण्याची वेळ येते. तीन महिन्यांची अडचण टाळण्यासाठी जन्माचे कर्ज करून घेणे शहाणपणाचे नाही.

शासकीय अधिकाऱ्यांसाठीही दोन शब्द. मनेका गांधी यांचे पारपत्र कारणे न देता ताब्यात घेतले गेले तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली सांगितले की, व्यक्तीच्या स्वातंत्र्यास बाध आणणारी कार्यपद्धती न्याय्य व वाजवी असली पाहिजे. मुंबईच्या पदपथवासीयांच्या खटल्यात १९८५ साली त्याच न्यायालयाने उपजीविकेचा हक्क हा जीविताच्या हक्कातच समाविष्ट आहे असे म्हटले. अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात एका धर्मोपदेशकाच्या मोटारीवर एक लहान मुलगी सायकलसह येऊन आदळली. दोष कोणाचा हे न पाहता त्याचा परवाना निलंबित होण्याची वेळ आली. तीन खेड्यांतील आपल्या अनुयायांकडे जाण्यास त्याला मोटारीवाचून दुसरे साधन नव्हते. तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९७१ साली निर्णय दिला की, परवाना एकदा दिल्यावर तो उपजीविकेचे आवश्यक साधन बनू शकतो आणि योग्य सुनावणीवाचून तो काढून घेता येणार नाही. ब्रिटनमध्ये तीन वर्षांत बारा दंडगुण झाले की सामान्यतः सहा महिने परवाना जातो, पण तेथेही असाधारण हालअपेष्टा होतील असे चालकास न्यायालयापुढे मांडता येते. आपल्या कलकत्ता उच्च न्यायालयानेही २०२२ साली असा निर्वाळा दिला की, पोलिसांना परवाना ताब्यात घेऊन पुढे पाठविता येईल. तो निलंबित करण्याचा अधिकार परवाना अधिकाऱ्याचा आहे.

म्हणूनच छापील नमुन्यातील रिकाम्या जागा भरून काढलेला, कारणांच्या रकान्यात फक्त ‘वाहतूक नियमभंग’ एवढेच लिहिलेला आदेश अपिलात टिकणे कठीण. चालकाचे उत्तर आले होते काय, त्यात काय म्हटले होते आणि ते का मान्य झाले नाही, या तीन प्रश्नांची उत्तरे चार ओळींत लिहिली तरी आदेशास बळ येते. मद्यपान करून गाडी हाकणाऱ्याविरुद्धचा आदेश कारणांअभावी रद्द झाला, तर त्याचे परिणाम रस्त्यावरील निरपराध माणसाला भोगावे लागतात. नोटीस चालकास समजेल अशा भाषेत असावी, निदान तिच्यासोबत सुनावणीचा दिनांक आणि विधी साहाय्याचा क्रमांक सांगणारी एक ओळ असावी, ही अपेक्षा अवाजवी म्हणता येणार नाही.

गावातील शिक्षकांचा या कामी फार उपयोग होऊ शकतो. पूर्वी मनिऑर्डरीचा फॉर्म भरून घेण्यासाठी लोक मास्तरांकडे येत, तसे आता अशा नोटिसा घेऊन येतात. मास्तरांनी कायदा सांगावा अशी अपेक्षा नाही. नोटिशीवरचा दिनांक मोठ्याने वाचून दाखवावा, आदेश आला असेल तर त्याची प्रत मिळाल्याच्या दिनांकात तीस मिळवून येणारी तारीख लाल शाईने कागदावर लिहून द्यावी आणि तालुका न्यायालयातील समितीचा रस्ता दाखवावा, एवढे पुरे.

निलंबनाची मुदत संपली म्हणजे परवाना आपोआप हाती पडतो असे नाही. २०१९ च्या दुरुस्तीप्रमाणे चालकास उजळणी प्रशिक्षण पूर्ण करावे लागते व त्यानंतरच परवाना परत मिळावयाचा असतो. हे प्रशिक्षण मुदत संपण्याची वाट न पाहता आधीच उरकून घ्यावे, त्याचे प्रमाणपत्र जपून ठेवावे आणि परवाना परत घेताना त्यावरील वाहनांच्या सर्व नोंदी पूर्वीप्रमाणे आहेत किंवा नाहीत हे खिडकीपाशीच तपासून घ्यावे.